कानडीतला ‘बा’

माझी मुलं मला आण्णा म्हणतात. येळ्ळूरला आमच्या भावकीत अजून सगळी पोरं बापाला ‘बा’ म्हणतात. बेळगावात टिळकवाडीला घर केल्यापासून मला गावची भाषा हलकी वाटायला लागली, असं भावकीत माझ्यामागं बोलतात. एका चुलत्यानं तर तोंडावरच विचारलं, “काय रं, पोरास्नी बा म्हणू द्यायची लाज वाटती व्हय तुला?” मी हसलो आणि पानाचा डबा पुढं केला. लाज वाटते हे खरं आहे, पण ती चुलत्याला वाटते तसली नाही. ‘बा’ अशी हाक कानावर आली की मला एका दवाखान्याची मागची खिडकी दिसते. आता पन्नाशी जवळ आली. बा जाऊनही बरीच वर्षं झाली. त्याला जे सांगायला हवं होतं ते निदान लिहून काढावं म्हणून बसलो आहे.

मानमोडीची साथ आली त्या वर्षाची ही गोष्ट. लढाईवरून परतलेल्या पलटणींबरोबर हा ताप आला असं लोक म्हणत. अंग मोडून यायचं, मान वर धरवायची नाही, आणि काल चालता-बोलता असलेला माणूस चार दिवसांत जायचा. मी तेव्हा बेळगावात एका वकिलाकडे कारकून होतो. भाड्याची एक खोली, नवं लग्न, घरात तान्हं मूल. बा येळ्ळूरला शेती बघायचा आणि शनिवारच्या बाजाराला आला की माझ्याकडे डोकावून जायचा.

मला एक थोरली बहीण होती. तिला आम्ही निपाणीकडच्या एका खेड्यात दिली होती. आमची आई प्लेगात गेली. त्या साली सगळं गाव घरं सोडून शेतांत झोपड्या घालून राहिलं होतं, आणि आई तिथंच एका झोपडीत गेली. मी रांगत होतो, आक्का आठ-दहा वर्षांची असेल. बानं दुसरं लग्न केलं नाही. आक्काची वेणी तोच घालायचा, ती वाकडी व्हायची आणि पोरी तिला हसायच्या. ठेच लागली, चटका बसला, की माणसाच्या तोंडातून ‘आई गं’ निघतं. आक्काच्या तोंडातून ‘बा’ निघायचं. तवा पोळला तरी बा, विंचू चावला तरी बा. सासरी तिची त्यावरून चेष्टा व्हायची. “हिचा बा काय तव्याखाली बसलाय काय?” असं तिची जाऊ म्हणायची, आणि आक्काच आम्हाला ते नक्कल करून सांगायची.

त्या उन्हाळ्यात ती माहेरपणाला आली, तेव्हा जाता जाता माझ्याकडे राहिली. छातीत गाठ लागते असं तिनं माझ्या बायकोला दाखवलं. बायकोनं मला जेवताना सांगितलं. मी म्हणालो, “गळू असेल. दिवाळीला येईल तेव्हा दाखवू कुणाला तरी.” मला त्या वेळी कामाची घाई नव्हती, काही अडचण नव्हती. बहिणीच्या छातीतली गाठ हा विषय मला डॉक्टरापुढं काढायचा नव्हता, एवढंच. सकाळी मी तिला गाडीत बसवून दिलं.

भादव्यात तिचा नवरा तिला घेऊन आला. गाठ फुटली होती. निपाणीकडं कशालाही तंबाखूचं पान बांधतात, तसं तिच्या छातीवर बांधलं होतं, आणि त्या पानाच्या उग्र वासाखालून दुसरा एक वास येत होता. दाजींनी वळकटी उतरवली, पाणी प्याले आणि म्हणाले, “लावण अडलीया. येतो मी.” ते परत आले नाहीत. त्यांच्या नावानं मी पुष्कळ बोटं मोडली आहेत. दुसऱ्याच्या नावानं मोडायला सोपं जातं.

गावाबाहेरच्या एका मोठ्या दवाखान्यात मी तिला दाखल केलं. डॉक्टरांनी विचारलं, “गाठ कधीपासून आहे?” आक्का म्हणाली, “उन्हाळ्यापासनं.” डॉक्टर म्हणाले, तेव्हाच आणायला हवं होतं, तरी कापून बघू. आक्कानं माझ्याकडे मान वळवली नाही. तेव्हाही नाही आणि नंतरही ती त्याबद्दल एक शब्द बोलली नाही. ती बोलत नाही याचं मला बरं वाटत होतं. बाला मात्र यातलं काही ठाऊक नव्हतं. ही गाठ आत्ताच उठली, असं मी त्याला सांगितलं होतं.

कापायचा दिवस ठरला, आणि मानमोडी आली.

दवाखान्याचे व्हरांडे बघता बघता तापकऱ्यांनी भरले. कापायच्या खोलीतही खाटा पडल्या. डॉक्टर स्वतः आजारी पडले. दुसरे आले, त्यांनी सांगितलं, साथ ओसरेपर्यंत चाकू हातात घेणार नाही. ज्या बायकांच्या अंगात गाठी होत्या त्या चार-पाच जणींना मागच्या बाजूच्या एका खोलीत हलवलं. कुणाच्या छातीत, कुणाच्या गालात, एकीच्या पोटात. कर्करोग हा शब्द आता वर्तमानपत्रांत दिसतो. तेव्हा आम्ही नुसतं गाठ म्हणायचो, तेही आवाज खाली करून. ताप आलेल्याचं काय ते आठवड्यात कळायचं, लोक त्याच्यासाठी पळापळ करायचे. या बायकांसाठी कुणी पळत नव्हतं. फाटकावर शिपाई बसला आणि भेटायला येणं बंद झालं.

त्या खोलीवर एक नर्सबाई होती. गदगकडची, पूर्ण कानडी मुलखातली, नुकतीच बेळगावला आलेली. चाळिशीची, अंगानं थोराड, विधवा. तपकीर ओढायची, आणि ती ओढल्यावर आवाज एकदम वर चढायचा. मराठी कानावरून शिकलेली, त्यामुळं बाई-पुरुष यांचा मेळ बसायचा नाही. तिच्या बोलण्यात आक्का नेहमी ‘तुमचा आक्का’ असायचा.

भेटी बंद झाल्यावर तिनं एक वाट काढली. त्या खोलीला मागं एक खिडकी होती, तिच्याखाली भाजीचा वाफा. दुपारी वरचे लोक जेवायला गेले की नातेवाइकानं वाफ्यापलीकडं उभं राहायचं, तोंडाला फडकं बांधायचं, आणि खिडकीतून बोलायचं. आत यायचं नाही. “वरच्यांनी बघितलं तर म्हणणार, बाई, ही काय जत्रा? मी म्हणणार, वांगी बघायला आलेत,” असं ती म्हणायची. मी बहुतेक रोज जायचो. आक्काची खाट खिडकीला लागून होती.

पहिल्यांदा गेलो तेव्हा खोलीतल्या सगळ्या बायका भिंतीकडं तोंड करून पडल्या होत्या. समोरच्या बोळातून झाकलेली माणसं नेत होते, ते दारातून दिसायचं. त्यात त्यांना स्वतःच्या जखमांच्या वासाची शरम. आक्का पदर नाकाला लावून पडलेली. दुसऱ्या वेळी गेलो तर खाटा उलट्या फिरवलेल्या, सगळ्यांची तोंडं खिडकीकडं. नर्सबाईनं पट्टीच्या घडीत कोळशाची पूड घालायला सुरुवात केली होती, त्यानं वास पुष्कळ कमी व्हायचा. पण मला आठवतं ते वेगळंच. ती बोलायला बसली की खाटेच्या पायथ्याशी बसायची नाही, उशाशी, अगदी तोंडाजवळ बसायची. मी स्वतः त्या खिडकीशी उभा राहताना वाऱ्याचा अंदाज घ्यायचो.

मग तिनं त्यांना काम लावलं. जुन्या लुगड्यांची फडकी फाडून, चौकोनी घड्या घालून त्यांना नाड्या लावायच्या, तापाकडच्या नर्सांना आणि माणसांना तोंडाला बांधायला. गालात गाठ असलेली खानापूरकडची एक म्हातारी म्हणाली, “आमी मरायला टेकलेल्या, आनि दुसऱ्याची तोंडं झाकायची?”

“मग काय करतीस? मरायला टेकलीस तर टेक. टेकून नाडी लावता येतो.”

म्हातारी शिव्या देत उठून बसली.

त्या बाईचं सगळं चांगलंच होतं असं नाही. एकदा आक्कानं पेजेची वाटी सरकवली, तर तिनं ती वाटी खिडकीतून वाफ्यात ओतली आणि तणतणत निघून गेली. थोड्या वेळानं दुसरी वाटी घेऊन आली, तपकीर ओढली आणि म्हणाली, “त्या वांग्यानं खाल्लं. आता तू खा.” आक्काला हसू आलं. हसताना जखम ओढली जाऊन तिनं डोळे मिटले.

एक गोष्ट मात्र तिनं कधी केली नाही. ‘बरी होशील’ हे ती कुणाला म्हणाली नाही. मी रोज म्हणायचो. खिडकीशी गेल्या गेल्या पहिलं वाक्य तेच. एकदा माझ्यादेखत आक्कानं तिला विचारलं, “बाई, मी जगत न्हाय न्हवं?”

नर्सबाई पट्टी गुंडाळत होती. ती गुंडाळायची थांबली. “मला नाही वाटत जगशील,” ती म्हणाली. “पण आज काय होत नाही. दुखलं तर हाक मार, मी हाय.”

मी खिडकीबाहेरून ओरडलो, “असं काय बोलता बाई!” आक्का माझ्याकडं बघून म्हणाली, “वरडू नको रं. इचारलं म्हनून सांगितलं तिनं.” त्या दिवशी ती भाकरीचा तुकडा खाऊन शांत झोपली, आणि मी चिडून घरी आलो.

इकडे शनिवारी बा बाजाराला आला. हातात उकडलेल्या शेंगांची पुरचुंडी. “पोरीला बघून येतो,” म्हणाला.

“आत सोडत न्हाईत बा.”

“तू जातोस न्हवं?”

“मी फाटकावर जातो. तिथंच इचारतो.”

“बरी हाय?”

“बरी हाय. साथ गेली की कापणार. आनि तू आता बाजारालाबी येऊ नको. ह्या तापात म्हाताऱ्या मानसाचं काय खरं न्हाय.”

म्हाताऱ्या माणसाला तापाची भीती होती, हे खोटं नव्हतं. घरोघरी माणसं जात होती. आज वाटलं तर मी तेवढंच लिहून थांबू शकतो, आणि वाचणारा म्हणेल, मुलानं बापाचा जीव जपला. पण मला खिडकी ठाऊक होती आणि मी ती त्याच्यापासून लपवली. बा त्या खिडकीशी उभा राहिला असता तर त्यानं पहिलं हेच विचारलं असतं, कधी उठली गं ही गाठ? आणि आक्का बापाशी खोटं बोलली नसती. मी शिकलेला, म्हणून बाला माझं म्हणणं नेहमी पटायचं. शेंगा माझ्या हातात देऊन तो गेला.

त्या शेंगा मी आक्काला दिल्या. तिला चावत नव्हत्या. तिनं त्या खाटाखाटांवर वाटायला लावल्या आणि टरफलं उशाशी ठेवून घेतली. “बा येतो म्हनला काय?” तिनं विचारलं. “साथ हाय न्हवं. यील की,” मी म्हणालो.

पुढच्या काही दिवसांत तिचं दुखणं वाढलं. एका दुपारी खिडकीशी गेलो, तर आक्का अफूच्या गुंगीत होती आणि नर्सबाई खिडकीत कोपर टेकून उभी होती.

“या कारकूनसाहेब. तुमच्या आक्काला जरा रीत शिकवा की.”

“काय झालं?”

“मी वयानं थोरला. इथं डॉक्टरसुद्धा मला बर्री म्हणतो. तुमचा आक्का सरळ ‘बा’! पोराला बोलवल्यागत. दिवसभर, बा, बा!”

आतून कुणीतरी हसलं. पण बाई रागावलेली नव्हती, चेष्टेतच होती. कानडीत ‘बा’ म्हणजे ‘ये’. लहानाला ‘बा’ म्हणतात, मोठ्या माणसाला ‘बर्री’. एवढं कानडी आमच्या भागात सगळ्यांना येतं, मलाही येत होतं.

“मग तुम्ही काय करता?” मी विचारलं.

“काय करतो? पेशंट बोलावतो म्हटल्यावर यायला नको? ‘बंदे’ म्हणतो, आन् येतो.” बंदे म्हणजे आले. “हात धरला की गप्प होतो. मग मी म्हणते, राहू दे. बा तर बा.”

तेवढ्यात गुंगीतच आक्का कण्हली. “बा.”

“बंदे, बंदे,” म्हणत बाई वळली, उशाशी बसली आणि तिनं आक्काचा हात हातात घेतला.

मी वाफ्यापलीकडं उभा होतो. एक वाक्य बोलायचं होतं. बाई, ती तुम्हाला बोलावत नाही, तिच्या बापाला बोलावते. ते बोललो असतो तर पुढचा प्रश्न आलाच असता, बाप कुठं आहे? मी फडकं सारखं केलं आणि निघून आलो. नंतरही जात राहिलो, नंतरही ती हाक ऐकली, आणि तीच बाई ‘बंदे’ म्हणत उठताना बघितली. कधी तिचा आवाज झोपेनं जड झालेला असायचा, कधी तापाच्या खाटांकडून ती धावत यायची. माझी नजर वांग्याच्या झाडांवर असायची.

शेवटी तिला सांगितलं ते त्या खानापूरच्या म्हातारीनं. मी गेलो तेव्हा खिडकीत नर्सबाई आधीच उभी होती. तपकिरीची डबी हातात, पण ओढलेली नव्हती. आवाज अगदी खाली.

“मराठीत बा म्हणजे बाप?”

मी तोंडावरचं फडकं खाली ओढलं.

“ही म्हातारी आज मला हसला. म्हणाला, बाई, तू कशाला पळतीस, ती बापाला हाक मारती. खरं?”

“व्हय.”

“तुम्हाला ठाऊक होतं. मी चेष्टा केली त्या दिवशी. तुम्ही इथंच उभे होते.”

“व्हय.”

“बाप आहे? जिता?”

“हाय. येळ्ळुरात.”

तिनं येळ्ळूरच्या दिशेला बघितलं. राजहंसगडाची टेकडी दवाखान्याच्या त्या बाजूनं स्पष्ट दिसायची. गाव त्याच्या पायथ्याशी. ती मला काहीतरी कठीण बोलेल असं वाटलं, आणि बोलली असती तर बरं झालं असतं.

“मी तिला आज विचारला,” ती म्हणाली. “शुद्धीत होती. म्हटलं, खरं सांग, तू कुणाला हाक मारतेस? मला की बापाला? हसली. म्हणाली, ‘जो यील त्याला.’”

मग ती म्हणाली, “आजच आणा. उद्या नको. मी वरच्यांना बघून घेतो.”

मी येळ्ळूरला चालत गेलो. गाव पुन्हा बाहेर पडलं होतं, प्लेगात पडलं होतं तसंच. बा आमच्या शेतात झोपडी घालून राहिला होता, बांधावर बसून दावं वळत होता. दाढी वाढलेली. मला बघून उभा राहिला.

“काय रं? ह्या वक्ताला?”

“आक्का बोलावती.”

त्यानं दावं खाली ठेवलं. घागरीतल्या पाण्यानं पाय धुतले, धुतलेलं धोतर नेसला, घोंगडं खांद्यावर टाकलं. वाटेत तो माझ्या पुढं चालत होता. म्हातारा माणूस आणि मला त्याला गाठताना धाप लागत होती. एवढंच एकदा म्हणाला, “साथीत सोडतील न्हवं आत?”

“सोडतील.”

“मग कालवर का सोडत नव्हते?”

“आज परवानगी मिळाली.”

नर्सबाई मागच्या दारातच थांबली होती. तिनं त्याच्या हातांवर औषधाचं पाणी ओतलं आणि तोंडाला फडकं बांधलं. त्याच बायकांनी शिवलेलं, नाड्यांचं. मलाही एक दिलं, पण बोटानं दाराशीच थांब म्हणून खुणावलं.

बा खाटेजवळ जाऊन उभा राहिला. आक्का इतकी वाळली होती की त्यानं आधी शेजारच्या खाटेकडं बघितलं. मग त्याला कळलं. तो खाली बसला, पण हात कुठं ठेवावा ते त्याला समजेना.

आक्का डोळे मिटूनच कण्हली, “बा.”

“आलो गं,” बा म्हणाला.

आणि त्याच वेळी खोलीच्या दुसऱ्या टोकाला पेला पुसत उभ्या असलेल्या नर्सबाईच्या तोंडून निघून गेलं, “बंदे.”

तिनं लगेच ओठ मिटले. पण आक्कानं मान तिच्या आवाजाकडं वळवली होती आणि हात त्या बाजूला पुढं केला होता. बाचा आवाज फडक्यातून आलेला, तिनं तो ओळखला नसावा. बा त्या पुढं केलेल्या हाताकडं बघत राहिला. मग नर्सबाईकडं. त्याला कानडी येत होतं. मी आयुष्यात माझ्या बापाचा तसा चेहरा पुन्हा पाहिला नाही, आणि तेव्हाही फक्त डोळेच दिसत होते.

नर्सबाई आली. तिनं आक्काचा हात घेतला आणि बाच्या हातात ठेवला. आक्कानं त्या हातावरून बोटं फिरवली.

“ह्यो हात कुनाचा?”

“तुझ्या बाचा,” नर्सबाई म्हणाली.

“बा न्हाय यायचा. सुगीचं दिस हाईत.”

बानं नाडी ओढली आणि फडकं काढून टाकलं. मी दारातून “बा, नको,” म्हणालो. नर्सबाईनं माझ्याकडं बघितलं आणि त्याला अडवलं नाही. तो तिच्या तोंडाशी वाकला, बाई बसायची तसाच, उशाशी. आक्कानं डोळे उघडले. बराच वेळ बघितलं.

“दाढी किती वाढलीया तुझी.”

“न्हावी मेला गं मानमोडीनं.”

“मग आता दुसरा बघ की,” ती म्हणाली. “आसा भुतावानी फिरू नको.”

खानापूरची म्हातारी गालाला हात लावून हसली, आणि मग तिनं तोंडावर पदर घेतला. बा आक्काचे केस सारखे करत बसला. विंचरलेले होते, वेणीही सरळ घातलेली होती. ती त्या बाईनं घातली होती. त्यानं ती सोडली आणि पुन्हा घालायला घेतली. त्याची वेणी आधीसारखीच वाकडी झाली.

उन्हं उतरेपर्यंत त्याला बसू दिलं. त्या वेळात आक्का काय बोलली ते मला दारातून सगळं ऐकू आलं नाही. उन्हाळ्याबद्दल ती काही बोलली नाही, एवढं मात्र मला ठाऊक आहे, कारण मी तेच ऐकायला कान देऊन उभा होतो. तिसऱ्या दिवशी सकाळी ती गेली. शेवटी बा जवळ नव्हता, मीही नव्हतो. नर्सबाई होती.

काही दिवसांनी आक्काचं लुगडं आणायला दवाखान्यात गेलो, तर ते दुसऱ्याच एका नर्सनं दिलं. गदगच्या बाई कुठं आहेत म्हणून विचारलं. “तापात पडल्यात,” ती म्हणाली आणि घाईत निघून गेली. पुढं त्यांचं काय झालं ते मला माहीत नाही. विचारायला पुन्हा जाता आलं असतं. दवाखाना काही लांब नव्हता. ज्या तापाची भीती घालून मी बाला थांबवलं होतं, तो ताप त्याला शिवलासुद्धा नाही.

आक्काला भेटून आम्ही परत निघालो त्या संध्याकाळचं एक सांगायचं राहिलं आहे. त्यासाठीच खरं तर मी हे सगळं लिहिलं. गाव ओलांडून आम्ही येळ्ळूरच्या वाटेला लागलो. एका ओढ्याशी बा पाणी प्यायला वाकला, तोंड पुसलं आणि तिथंच दगडावर बसला.

“ती कानडी बाई,” तो म्हणाला, “हाक मारली की येती?”

“व्हय.”

“पोरगी तिलाच बा म्हनालती मग.”

“बाईला तसं वाटलं. तिला आपलं मराठी कळत न्हाय.”

तो ओढ्याकडं बघत होता. “कधीपास्नं हाक मारालती रं?”

मी म्हणालो, “काल-परवापास्नं.”

त्यानं मान हलवली. “मग लई उशीर न्हाय झाला,” असं म्हणून तो गुडघ्यावर हात टेकून उठला आणि चालायला लागला. त्याची चाल हलकी झालेली मला मागून दिसत होती. मरेपर्यंत तो लोकांना हेच सांगत असे, पोरीनं हाक मारली आणि दुसऱ्या दिवशी मी गेलो. मी शेजारी बसून ऐकायचो. त्याला बरं वाटावं म्हणून मी खोटं बोललो असं मला स्वतःला सांगता आलं असतं. पण ओढ्याशी ते शब्द तोंडातून गेले तेव्हा मला त्याची आठवणसुद्धा नव्हती. मी सुटलो, एवढंच मला वाटलं होतं.